मॅडमचा खुराक

परवा अहमदपूरला एका लग्नाला गेलो होतो. परतीच्या एसटीला वेळ होता, म्हणून बस स्थानकासमोरच्या पशुखाद्याच्या दुकानाच्या सावलीत उभा राहिलो. एक बाई आली आणि पदर सारखा करत दुकानदाराला म्हणाली, "मॅडमचा खुराक हाय का?" दुकानदारानं आत न बघताच सांगितलं की माल संपलाय, संध्याकाळची गाडी आली की मिळेल. दुसऱ्या कंपनीचा देऊ का, असंही त्यानं विचारलं. बाईनं नको म्हणून मान हलवली. आमच्या गाईला तोच लागतो, असं काहीसं पुटपुटत ती बाजाराकडे निघून गेली.

तो खुराक माझा आहे. सोयाबीन काढल्यावर आपल्याकडे शेताच्या बांधावर भुसकटाचे ढीग लागतात. शेतकरी ते पेटवून देतात, कारण नुसतं भुसकट जनावर तोंडात धरत नाही. त्या भुसकटावर प्रक्रिया करून, त्यात साखर कारखान्याची मळी, तुरीची चुणी, मीठ आणि खनिज मिश्रण घालून दाबून विटा करायच्या, ही कल्पना माझी. कोणतं किती घातलं की देवणी गाय आवडीनं खाते, दूध वाढतं आणि तिच्या ढेकरातून हवेत जाणारा वायूही कमी होतो, हे शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. विद्यापीठानं छापलेल्या शिफारशीत पहिलं नाव माझं आहे. पण लातूर जिल्ह्यातल्या निम्म्या गोठ्यांत त्याला मॅडमचा खुराक म्हणतात, आणि ती मॅडम म्हणजे डॉ. सुलोचना सोनकांबळे. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. तरी त्या दुकानाच्या सावलीत उभ्या उभ्या मला त्यांचा हेवा वाटला. गेलेल्या माणसाचा हेवा करू नये हे मलाही कळतं. पण त्यांचा करायची मला सवय लागली आहे, ती अशी एकदम कशी सुटणार?

लातूरकडून नांदेडला जाणाऱ्या रस्त्याला एक फाटा लागतो. तिथून आत आमचं गोसंशोधन केंद्र. मी तिथे आहारशास्त्राचा माणूस, म्हणजे गाईनं काय खावं हे ठरवणारा. गाय दूध कसं तयार करते आणि ते सोडते कसं, हा विषय मॅडमचा. त्या रुजू व्हायला आल्या त्या दिवशी त्यांची एसटी वाटेत बंद पडली. दुसरा कुणी असता तर फाट्यावर बसून केंद्राला फोन करत राहिला असता. मॅडम दुधाच्या टेम्पोला हात करून कॅनच्या शेजारी बसून आल्या. बरं, आल्या त्या कार्यालयात तरी याव्यात? टेम्पो गोठ्यापाशी थांबला म्हणून गोठ्यात उतरल्या आणि तिथेच रमल्या. रुजू झाल्याची सही करायला त्यांना दुपार झाली. मी मनातल्या मनात त्यांचा अर्धा दिवस बिनपगारी केला होता. आमचे प्रमुख मात्र हसले आणि म्हणाले, "सोनकांबळे मॅडम गाईंकडे आधी रुजू झाल्या." हे वाक्य पुढे कितीतरी वर्षं केंद्रात सांगितलं जाई. मी रुजू झालो तेव्हा वेळेआधी येऊन कार्यालयाच्या पायरीवर बसलो होतो. त्याची गोष्ट कुणी कधी केली नाही.

दिसायला ठेंगण्या, अंगानं आडव्या, सुती साडी, पायात साध्या चपला. चष्म्याला दोरी लावून तो गळ्यात अडकवलेला. खांद्याला एक कापडी पिशवी. त्या पिशवीत दोरीचा तुकडा, ताणकाटा आणि गुळाचा खडा हमखास असायचा. तो गूळ गाईसाठी असावा असं मला बरेच दिवस वाटत होतं. मग एकदा बैठकीत त्यांनी तो स्वतःच तोंडात टाकला. माझी पेनं त्या मागून नेत आणि परत देत नसत. अहवाल कधीही वेळेवर दिला नाही. चिडल्या की समोरचा कोण आहे हे बघत नसत. एकदा औषध कंपनीच्या माणसाला त्यांनी बाहेरच्या उन्हात बसवून सगळी माहितीपत्रकं त्याच्याचकडून मोठ्यानं वाचून घेतली होती. एवढे सगळे दोष असूनही लोक त्यांच्याच भोवती जमायचे. डबा उघडला की अर्धं कार्यालय त्यांच्या टेबलाशी. माझ्या डब्यात साजूक तुपातली पोळी असायची, त्यांच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि कारळाची चटणी. चटणी संपायची. माझी पोळी मलाच संपवावी लागे.

बोलणं अस्सल इकडचं. अहमदपूर तालुक्यातच त्या वाढल्या. वडील जनावरांच्या दवाखान्यात शिपाई होते. शिकायला त्या लांब लांब जाऊन आल्या, पण जिभेला शहराचं वारं लागू दिलं नाही. मी नांदेडच्या शिक्षकाच्या घरातला. आमच्याकडे 'न्हाई' म्हटलं की वडील जेवण थांबवून 'नाही' म्हणायला लावत. त्यामुळे मॅडम भर चर्चासत्रात "लई दूध हाय तिला" असं म्हणत तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा, आणि सभागृह मात्र खुर्चीत पुढे सरकून ऐकायचं.

एक वाक्य त्यांच्या तोंडी कायम असे: "घाई कुणाला हाय?" जीप सुटायची वेळ झाली, अहवालाची तारीख उलटली, पाहुणे दारात आले, तरी तेच. सुरुवातीला मला वाटे, हे आळसाचं गोंडस नाव आहे. पण गोठ्यात त्यांना बघितलं की तसं म्हणवत नसे. त्या कधी सरळ गाईकडे जात नसत. आधी लांब उभ्या राहत, मग गव्हाणीपाशी जाऊन बसत, मालकिणीशी भलत्याच विषयावर बोलत. गाईनं आपण होऊन मान वळवून हुंगलं की मगच हात लावत. मला एवढा वेळ नसे.

दुसरं वाक्य, "मला ठाऊक न्हाई." यावरची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आठवली की आजही माझं डोकं तापतं. एका मोठ्या परिषदेत आम्ही दोघं गेलो होतो. त्यांच्या भाषणानंतर एका नामवंत शास्त्रज्ञानं एक अवघड प्रश्न विचारला. मॅडमनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मला ठाऊक न्हाई. तुम्हाला हाय का?" त्या गृहस्थांनीही विचार केला आणि त्यांनाही ठाऊक नसल्याचं कबूल केलं. मग दोघांची गट्टी जमली. जेवणाच्या सुट्टीत ते मॅडमना शोधत आले, पुढच्या कामात सल्ला देईन म्हणाले. मी हे नीट बघून ठेवलं. पुढच्या खेपेला आमच्या विद्यापीठातल्या बैठकीत मला एक प्रश्न आला. उत्तर मला अर्धंमुर्धं येत होतं, पण मी मुद्दाम थोडा विचार केला आणि म्हणालो की मला माहीत नाही. साहेब म्हणाले, "अंबुलगेकर, तयारी करून येत चला."

घरीही सुटका नव्हती. मी जेवताना केंद्रातलं सांगत असे. माझी बायको शाळेत शिकवते, ती वह्या तपासत ऐके. एके दिवशी तिनं मान वर न करता विचारलं, "मग आज सोनकांबळे मॅडम काय म्हणाल्या?" मी म्हटलं, मी त्यांचं काही सांगत नव्हतो. ती म्हणाली, "रोज त्यांचंच सांगता. भेटवा तरी एकदा." भेटवल्या. दोघींचं इतकं जमलं की पुढे माझ्या रक्तदाबाची बातमीही मॅडमकडून मला केंद्रात कळू लागली.

आता मुख्य गोष्ट. माझा खुराक केंद्रातल्या गाईंवर कसोटीला उतरला होता. दूध स्पष्ट वाढत होतं. पण केंद्रात काही करून दाखवलं म्हणजे भागत नाही, ते शेतकऱ्याच्या गोठ्यात दिसावं लागतं. तिथे दिसलं तरच शिफारस, नाहीतर इतक्या वर्षांचं काम कपाटात जाणार हे मला साहेबांनी सरळ सांगितलं होतं. म्हणून अहमदपूरच्या पुढचं एक गाव निवडलं. देवणी गाई असलेली काही घरं घेतली. निम्म्या घरांना खुराक दिला, निम्म्यांना नेहमीचाच चारा. दर पंधरवड्याला मी स्वतः जायचं, समोर दूध काढून घ्यायचं आणि मोजायचं. मोजमापात मी कुणावर विसंबत नाही. स्वच्छ पांढरा ॲप्रन घालायचा, फिनेलच्या पाण्यानं हात धुवायचे, गाईशेजारी उभं राहायचं आणि चरवी ताणकाट्याला लावायची. आडनाव सांगितलं की प्रत्येक घरात मला आदरानं आत बोलवत. खुर्ची पुसून देत.

आणि दूध वाढेना. एकदा नाही, दोनदा नाही, पावसाळा सरत आला तरी नाही. खुराक खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या गाईंत काही फरकच दिसेना. मी रात्रंदिवस त्याच विचारात. केंद्रात दिसणारी वाढ गावात जाते कुठे? शेवटी मी एका निष्कर्षाला आलो की बायका खुराक गाईला घालतच नसाव्यात. बैलाला घालत असतील, शेळ्यांना घालत असतील, माहेरी पाठवत असतील. गयाबाई म्हणून एक होत्या, त्यांची चांदणी नावाची वानेरी, म्हणजे पांढऱ्या अंगाची आणि काळ्या तोंडाची, देखणी गाय होती. त्यांना मी तसं आडून विचारलंही. गयाबाईंनी माझ्यासाठी टाकलेला चहा उकळायच्या आधीच चुलीवरून उतरवून ठेवला.

त्या दिवशी केंद्रात एकच जीप चालू होती, म्हणून मॅडमही माझ्याबरोबर आल्या होत्या. त्यांचं त्या गावात दुसरंच काम होतं. ते आटोपून त्या गयाबाईंच्या दारात आल्या. तिथे गयाबाईंच्या सासूबाई बसल्या होत्या. म्हातारीनं आडनाव विचारलं. मॅडमनी ते खणखणीत आवाजात, पूर्ण सांगितलं आणि उंबऱ्याच्या बाहेरच निवांत बसून राहिल्या. मी आत खुर्चीवर होतो. पिशवीतून गूळ काढून मॅडमनी तोंडात टाकला आणि वासराकडे बघत बसल्या. शेवटी म्हातारी म्हणाली, "आत ये की, बाई. उन्हात कामून बसलीस?" मॅडम उठल्या, पण आत आल्या नाहीत. वासरापाशी गेल्या, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, खाली वाकून शेण बघितलं. मग तशाच पुढच्या घरी गेल्या, त्याच्या पुढच्या घरी गेल्या. मी जीपमध्ये बसून घड्याळ बघत होतो.

परत येताना जीपमध्ये त्यांनीच विषय काढला. "सर, खुराकाच्या घरची वासरं बघितली का तुम्ही? अंगानं कशी चमकायलीत. आणि सगळी पातळ हगायलीत."

मी म्हणालो की वासरं माझ्या प्रयोगात नाहीत.

"तेच म्हणते मी. दूध वाढलंय. ते वासराच्या पोटात जायलंय. बायांवर खामखा आळ घेऊ नका. तुम्हाला बघून गाय दूध चोरायलीय."

आपल्याकडच्या गाई कशा दूध देतात हे ज्यानं बघितलंय त्याला हे लगेच समजेल. आधी वासरू सोडायचं, त्यानं दोन ढुशा दिल्या की गाय पान्हावते, मग वासरू बाजूला बांधून दूध काढायचं आणि शेवटी उरलेलं त्याला पाजायचं. गाय बिथरली की पान्हा आखडून धरते आणि परत वासरू सोडलं की त्याच्यासाठी सोडते. हे मी वर्गात शिकवत होतो. पण गावात पांढरा ॲप्रन कोण घालतं? सुई टोचणारा डॉक्टर. फिनेलचा वास कुणाच्या हाताला येतो? त्याच्याच. दर पंधरवड्याला मी डॉक्टरचा वेश करून, डॉक्टरचा वास लावून गाईच्या उशाशी उभा राहत होतो आणि म्हणत होतो, आता दे. केंद्रातल्या गाईंना ॲप्रनची सवय होती, म्हणून तिथे सगळं दिसत होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. माझं काम मेलेलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्या जीपमध्ये मला पहिल्यांदा जे वाटलं ते एवढंच की हे मला का दिसलं नाही, आणि दिसायचंच होतं तर यांना का? दुसऱ्या कुणाला दिसलं असतं तर मी त्याला पेढे दिले असते.

मॅडमनी ते नुसतं बोलून सोडलं नाही. पुढच्या खेपेला त्यांनी गयाबाईंच्या दारातल्या लिंबाच्या फांदीला ताणकाटा अडकवला, पोत्याची झोळी केली, वासराला पाजायच्या आधी झोळीत घालून तोललं आणि पाजल्यावर पुन्हा तोललं. दोन्ही वजनांतला फरक म्हणजे त्यानं प्यायलेलं दूध. सगळा गाव बघायला जमला होता. खुराकाच्या घरची वासरं झोळीत मावेनात. गयाबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, आणि त्यांच्या सासूबाई मात्र टक लावून माझ्याकडेच बघत होत्या.

मग प्रयोग नव्यानं लागला. मोजायचं काम घरच्या बाईनंच करायचं, ताणकाटा तिच्याच हातात. मॅडम आत बसणार, गाईला त्यांची सवय झाली होती. आणि मी? मी बाहेर. मॅडमनी जागाही दाखवली: गोठ्याची भिंत संपते तिथून पुढे, लिंबाखाली, वारा गाईकडून माझ्याकडे येईल अशा बाजूला. पुढचा सबंध मोसम मी तिथे उभा राहिलो. आत माझ्या आयुष्याचा निकाल चरवीत पडत होता आणि मी बाहेर लिंबाच्या काड्या मोडत होतो. चवड्यावर उभं राहिलं तर भिंतीवरून आतलं थोडं दिसे. मॅडमचं डोकं, चांदणीची शिंगं, गयाबाईंचा हलणारा खांदा. आत काहीतरी हसणं चाले. बाहेर आल्यावर मॅडम आकडा सांगत. दर खेपेला तो चांगला असे आणि दर खेपेला मी आधी आकडा ऐके आणि मग त्यांच्या पदराला लागलेलं शेण बघे. माझा ॲप्रन पांढराशुभ्र होता.

शिफारस समितीपुढे मी सगळं नीट मांडलं. एका सदस्यानं विचारलं की दुसऱ्या वर्षी मोजमापाच्या वेळी मुख्य शास्त्रज्ञाला गोठ्याबाहेर का ठेवलं? मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "गाईला ते आवडंनात." समिती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. शिफारस मंजूर झाली. बाहेर आल्यावर मी धीर करून विचारलं की शोधनिबंधावर नावं कशी घालायची. मला वाटलं, आता या मोठेपणा दाखवून नाव नको म्हणतील, आणि मग मला आयुष्यभर त्या मोठेपणाखाली दबून राहावं लागेल. किंवा पहिलं नाव मागतील, मग मला मनसोक्त रागावता येईल. त्यांनी दोन्ही केलं नाही. "माझं नाव घाला, पण दुसरं. खुराक तुमचा हाय," म्हणाल्या आणि सही करायला माझं पेन घेतलं. हेवा करायचा तर माणूस थोडं तरी वाईट वागणारं असावं. यांनी तेवढीही सोय ठेवली नाही.

पण गावाला समितीशी काय देणंघेणं? बायकांनी वर्षभर विटा घेऊन गोठ्यात येणारी मॅडम बघितली होती, त्यामुळे नाव पडलं ते पडलं. मी एक उपाय केला. माझा फोटो आणि नाव असलेली भित्तिपत्रकं छापून घेतली आणि खुराक घेणाऱ्या प्रत्येक गोठ्यात लावायला पाठवली. महिन्याभरानं गेलो तर गयाबाईंच्या भिंतीवर फक्त वरचे दोन कोपरे चिकटलेले होते. कणकेच्या खळीनं चिकटवलं होतं, चांदणीनं ते चाटून चाटून खाऊन टाकलं होतं. मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "सर, घ्या. चांदणीनं तुम्हाला खाल्लं की शेवटी."

निवृत्त झाल्यावर मॅडम किनवटकडे गेल्या. तिथल्या जंगलातल्या एका निवासी शाळेच्या वसतिगृहात त्यांचा भाऊ अधीक्षक होता. त्यांनी शाळेच्या आवारात लाल कंधारी गाई पाळायला लावल्या आणि मुलांना वसतिगृहातच दूध मिळू लागलं. फोनवर बोलताना मागे हंबरणं ऐकू येई. या एकदा, म्हणायच्या. येतो म्हणायचो. तिथेही त्यांनी काहीतरी करून ठेवलं असणार आणि ते मला बघावं लागणार, म्हणून गेलो नाही. मग त्या आजारी पडल्याचं बायकोकडून कळलं, आणि गेल्याचंही तिच्याकडूनच. त्यामुळे मला त्या शेवटच्या दिसल्या त्या निवृत्तीच्या आठवड्यातच.

त्या दिवशी केंद्रात त्यांच्या निरोपाच्या हाराफुलांची गडबड चालली होती. त्या माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "चला सर, एक काम राह्यलंय." जीप गयाबाईंच्या दारात थांबली. दूध काढायची वेळ होती. मॅडमनी मला ॲप्रन काढायला लावला, घड्याळ काढायला लावलं आणि हात चुलीतल्या राखेनं धुवायला लावले. मग गोठ्यात गव्हाणीपाशी जागा दाखवली. "बसा. बोलू नका. घाई कुणाला हाय?" एवढं म्हणून त्या बाहेर निघून गेल्या.

मी बसलो. चांदणी आता वयस्क झाली होती. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला उगाच वाटलं, हिनं मला ओळखलंय, आता ही चोरणार. मी श्वासही बेतानं घेत होतो. गयाबाईंनी वासरू सोडलं, थोड्या वेळानं ओढून बाजूला बांधलं आणि चरवी मांडीत धरून बसल्या. चांदणीचं नाक माझ्या खांद्याशी आलं. ओलं नाक, गरम वारा. तिनं माझी बाही हुंगली, एकदा जिभेनं चाटली आणि मान फिरवून रवंथ करू लागली. चरवीच्या तळावर धार वाजली. मग फेस चढला तसा आवाज जाड झाला आणि धार थांबेचना. इतकी वर्षं मी या दुधाचे आकडे पाठ केले होते, तक्ते केले होते, त्यावर भाषणं दिली होती. माझ्या खुराकाचं दूध शेतकऱ्याच्या गोठ्यात गाय सोडताना मी पहिल्यांदा बघत होतो. माझे डोळे भरून आले.

हे मॅडमना दाखवावं म्हणून मी दाराकडे बघितलं. मला वाटलं होतं, त्या भिंतीवरून बघत असतील. मी एवढा एक मोसम तिथे उभा राहिलो आणि प्रत्येक खेपेला चवड्यावर उभं राहून आत डोकावलो होतो. त्या लिंबाखाली माझ्याच जागेवर उभ्या होत्या. हातावर माझा ॲप्रन होता आणि पाठ गोठ्याकडे. कुठल्याशा म्हाताऱ्याशी त्याच्या बैलाच्या खुराविषयी बोलत होत्या. आत काय चाललंय हे बघायची त्यांना गरजच वाटत नव्हती. मला त्याचाही हेवा वाटला.

गयाबाईंनी चरवी बाजूला ठेवली, पितळेचा पेला भरला आणि माझ्यापुढे धरला. कच्चं दूध पिऊ नये असं मी आयुष्यभर वर्गात शिकवत आलो आहे. "घ्या, सर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मॅडमच्या खुराकाचं दूध हाय."

मी सांगणार होतो की बाई, खुराक माझा आहे. पण चांदणीचे सड अजून रिकामे झाले नव्हते, आणि बोललो असतो तर ती बिथरली असती. मी मुकाट्यानं पेला तोंडाला लावला. बाहेर मॅडम अजून पाठमोऱ्याच होत्या.